शब्दचर्चा : ‘कमोड’, ‘नवअभिजात’ आणि खुर्चीचे निमुळते पाय

मूळ प्रश्न

अठराव्या शतकातल्या फ्रेंच फर्निचरवर मराठीत लिहिते आहे आणि पहिल्याच वस्तूपाशी अडले आहे. झां-आंरी रीझनेर या कारागिराने १७८३ साली राणी मारी आंत्वानेतसाठी केलेली ही वस्तू आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. काळ्या-सोनेरी जपानी लाखकामाच्या फळ्या, त्यांभोवती काळ्या एबनी लाकडाचा पातळ थर आणि कडांना सोनेरी मुलाम्याची पितळी फुलं. फ्रेंचमध्ये तिचं नाव ‘कमोड’. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ ‘सोयीचं’, म्हणून कपडेलत्ते ठेवायचं सोयीचं, खणांचं बुटकं कपाट. पुढे इंग्रजीत रात्रीचं भांडं आत ठेवायच्या खुर्चीलाही हा शब्द लागला आणि मराठीत पोचला तो त्याच वाटेने. राणीच्या दालनातल्या वस्तूला मराठीत ‘कमोड’ म्हणवत नाही. पर्याय काय?

दुसरी अडचण शैलीच्या नावाची. ग्रीक-रोमन धाटणीच्या या ‘निओक्लासिकल’ शैलीला ‘नवअभिजात’ रूढ आहे. पण संधी करून ‘नवाभिजात’ लिहिलं की ते ‘नवश्रीमंत’च्या पंगतीत जाऊन बसतं. नुकतेच खानदानी झालेले लोक, असा भास होतो.

प्रतिसाद १

‘खणांचं बुटकं कपाट’ हे तुम्ही स्वतःच लिहिलंय, तेच ठेवा. शब्दाचं मूळ एकदा सांगा आणि पुढे जा.

घरातल्या लाकूडसामानाची नावं कायमच अशी घरं बदलत आली आहेत. ‘कपाट’ म्हणजे संस्कृतात दाराची फळी. आपण दाराच्या नावाने अख्खी वस्तू ओळखू लागलो. ‘दिवाण’ फारसीत आधी दप्तर, मग कचेरी. आपल्याकडे राज्याचा कारभारीही दिवाण आणि दुपारी पडायची बैठकही दिवाण. फ्रेंच ‘ब्युरो’ची गोष्ट थेट तशीच. आधी ते जाडंभरडं लोकरी कापड, मग ते कापड अंथरलेलं लिहिण्याचं मेज आणि शेवटी अख्खं कार्यालय. व्हर्सायच्या राजवाड्यात फ्रान्सचा राजा पंधराव्या लुईचं ‘राजाचं ब्युरो’ आहे. एबेन नावाच्या कारागिराने १७६० मध्ये ते हाती घेतलं, १७६३ मध्ये तो वारला आणि त्याच्याच कार्यशाळेतल्या रीझनेरने १७६९ मध्ये पुरं केलं. या नऊ वर्षांत पॅरिसची आवड बदलत होती आणि ते त्या एका मेजावर दिसतं. बाहेरचा घाट जुन्या पद्धतीचा, वळणावळणाचा. काही तपशील मात्र नव्या, ग्रीक-रोमन धाटणीचे.

प्रतिसाद २

‘अभिजात’ची बाजू घेतो. ‘क्लासिकुस’ हा रोममध्ये मुळात मालमत्तेच्या वर्गवारीतला शब्द : पहिल्या वर्गातला नागरिक. दुसऱ्या शतकात आउलुस गेलिउस या रोमन लेखकाने तो लेखकांना लावला, प्रमाण मानावा असा लेखक या अर्थी. म्हणजे ‘कुलीन’वरून ‘उत्तम’कडे. ‘अभिजात’ने हाच प्रवास केला आहे. मराठीला २०२४ मध्ये अभिजात भाषेचा दर्जा मिळाल्यापासून तर हा शब्द घरोघरी पोचलाय. संधी तेवढी करू नका. ‘नव-अभिजात’ असं जोडरेघेने लिहा, भास जाईल.

पण लेखात एक गोष्ट नक्की सांगा. हे नाव त्या काळचं नाही, एकोणिसाव्या शतकात मागाहून दिलेलं आहे. ते लोक आपल्या शैलीला ‘ग्रीक पद्धतीची’ म्हणत. पॅरिसमध्ये सगळंच ग्रीक पद्धतीचं झालंय, असं तिथल्या ग्रिम या लेखकाने १७६३ मध्ये नोंदवलं आहे. ज्वालामुखीच्या राखेत गाडल्या गेलेल्या रोमन शहरांपैकी हर्क्युलेनियमचं उत्खनन १७३८ मध्ये सुरू झालं, पॉम्पेईचं १७४८ मध्ये. राखेखालून भिंतींवरची चित्रं, दिवे, तिवया बाहेर आल्या आणि त्यांची रेखाटनं युरोपभर फिरली. रॉबर्ट अ‍ॅडम हा स्कॉटिश वास्तुकार १७५४ ते १७५८ इटलीकडे राहून अवशेष मोजत होता. लंडनला परतल्यावर छत, भिंत, गालिचा, खुर्ची असं सगळं तो एका हाताने आखू लागला. जुनं पुन्हा पाहायला मिळालं म्हणून ही शैली जन्मली, हे ‘नव’मध्ये पुरेसं येत नाही. तिथे एक वाक्य खर्च करा.

प्रतिसाद ३

आमच्या घरी सुतारकाम. शैलीच्या नावापेक्षा मला खुर्चीच्या पायाबद्दल बोलायचंय, कारण ही शैली तिथेच ओळखू येते.

आधीच्या पंधराव्या लुईच्या पद्धतीत पाय नागमोडी. त्याला फ्रेंचमध्ये ‘हरिणीचा पाय’ म्हणत. आपणही बाजेच्या, पलंगाच्या पायाला ‘खूर’च म्हणतो, तेव्हा तो शब्द इथे बेलाशक वापरा. सोळाव्या लुईच्या, म्हणजे मारी आंत्वानेतच्या नवऱ्याच्या काळात खूर गेला आणि खांब आला : सरळ, गोल, खाली निमुळता होत गेलेला, कातीव. लेखकमंडळी ‘कातीव’ फक्त चेहऱ्याला लावतात, पण तो कातारी लोकांचा शब्द आहे, चरकावर फिरवून काढलेलं ते कातीव. पायावर उभ्या खाचा असतात, ग्रीक खांबावर असतात तशा. त्यांना ‘खोबणी’ म्हणू नका, खोबणीत काहीतरी बसतं. पन्हळी म्हणा. पन्हळी पत्रा सगळ्यांना माहीत आहे. कधी या पन्हळींच्या खालच्या भागात गोल काड्या भरलेल्या दिसतात. त्यांना फ्रेंच सुतार मेणबत्त्या म्हणत.

आणि पाय जिथे बैठकीच्या पट्ट्यांना मिळतो तिथे एक चौकोनी ठोकळा असतो, त्यावर कोरलेलं फूल. त्याचं फ्रेंच नाव ‘फासा’, सोंगट्यांच्या पटावरचाच. दोन बाजूंच्या पट्ट्या पायात घुसतात, तर तिथे लाकूड भरीव हवं. गोल, निमुळत्या पायात ती जाडी कुठून मिळणार? म्हणून वरचा भाग चौकोनी ठेवायचा आणि त्या गरजेचंच फूल करायचं. हा फासा पाहिला की त्या कारागिरांना हात जोडावेसे वाटतात.

प्रतिसाद ४

इंग्लंडच्या फर्निचर-कारागिरांची दोन नावं हवीतच, हेपलव्हाइट आणि शेरटन. हेपलव्हाइटचं नमुन्यांचं पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर १७८८ मध्ये त्याच्या पत्नीने काढलं. ढालीच्या आकाराची पाठ त्याच्या नावाशी जोडलेली. शेरटनची पाठ मात्र चौकोनी.

मूळ प्रश्नकर्ती

सगळ्यांचे आभार. ‘खूर गेला आणि खांब आला’ हे वाक्य परवानगी असेल तर लेखात घेते.

एकच शंका उरली. ‘मुलामा’ म्हटलं की मराठीत वरवरचं, खोटं असा वास येतो. इथे तर पितळेवर खरं सोनं आहे.

प्रतिसाद ३

वाक्य खुशाल घ्या. ‘मुलामा’ही ठेवा, पण ‘पाऱ्याचा मुलामा’ असं लिहा. सोनं पाऱ्यात कालवून तो लेप पितळेवर चढवायचे आणि तापवायचे. पारा वाफ होऊन उडायचा, सोनं धातूला धरून राहायचं. ती वाफ कारागिराच्या छातीत जायची, हात थरथरू लागायचे. हे एकदा लिहिलंत की त्या शब्दात वरवरचं काही राहणार नाही.