कॅरिबियन क्रूझ: आम्हा दोघांना सात रात्री फार होतील का?

प्रश्न : शेवंती

येत्या फेब्रुवारीत आमच्या लग्नाला तीस वर्षे पूर्ण होत आहेत आणि त्या निमित्ताने मायामीहून निघणाऱ्या सात रात्रींच्या कॅरिबियन क्रूझचा विचार आम्ही दोघे करत आहोत. फेरीबोटीत तासभर बसण्यापलीकडे समुद्रप्रवासाचा आम्हाला अनुभव नाही, म्हणून जाणकारांना विचारावेसे वाटले.

आमच्यासमोर दोन मार्ग आहेत. पूर्व कॅरिबियनच्या मार्गावर पोर्टो रिकोतले सान हुआन, सेंट थॉमस आणि सेंट मार्टिन ही बंदरे लागतात, तर पश्चिमेच्या मार्गावर जमैका, ग्रँड केमन आणि मेक्सिकोतले कोझुमेल. माझ्या यजमानांना जुने किल्ले आणि वसाहतींचा इतिहास यांची भारी ओढ असल्यामुळे ते पूर्वेकडे झुकले आहेत. मला पोहण्याजोगा स्वच्छ समुद्र आणि हातात एखादे पुस्तक मिळाले की पुरे. त्यांना बोट लागते, हीही एक काळजी आहेच.

परंतु माझी खरी शंका निराळी असून ती विचारताना थोडा संकोच वाटतो. एरवी आम्ही दिवसभर आपापल्या उद्योगात असतो आणि रात्री जेवताना काय ते बोलतो. खिडकी नसलेली केबिन साधारण दीडशे चौरस फुटांची असते, असे वाचले. अशा खोलीत सलग सात रात्री काढल्यावर आम्ही एकमेकांना कंटाळणार तर नाही ना? बाल्कनीची केबिन घेतल्याने यात खरोखर फरक पडतो का? जोडीने जाऊन आलेल्यांनी कृपया मोकळेपणाने लिहावे.

उत्तर : दर्यावर्दी

आम्ही दोघे गेल्या वर्षी जानेवारीच्या अखेरीस याच पूर्वेकडच्या मार्गाने जाऊन आलो. तुमची शंका संकोच करण्यासारखी मुळीच नाही, कारण आमचे दुसऱ्याच दिवशी भांडण झाले होते. मायामी ते सान हुआन हे अंतर सुमारे हजार सागरी मैलांचे असल्याने सुरुवातीला सलग समुद्रच असतो, आणि आम्ही उत्साहाच्या भरात त्या पहिल्या दिवसाचा प्रत्येक तास बरोबर घालवला. सकाळी प्रश्नमंजूषा, मग पोहण्याचा तलाव, मग नाचाचा वर्ग, रात्री नाटक. दुसऱ्या दिवशी न्याहारीला कोणत्या डेकवर बसायचे, एवढ्यावरून आमची जुंपली.

तिसऱ्या दिवसापासून आम्ही वेगळी पद्धत ठेवली. पत्नी पहाटे उठून वरच्या डेकवर फेऱ्या मारायला जाई, मी साडेआठपर्यंत झोपून राही आणि दहा वाजता आम्ही कॉफीला भेटत असू. जहाजाचे वायफाय आम्ही घेतले नव्हते, त्यामुळे फोनवरून एकमेकांना शोधणे शक्य नव्हते. केबिनच्या भिंती पोलादी असतात आणि त्यांना लोहचुंबक चिकटतो, हे तिला कुठून तरी ठाऊक होते. तिने दाराच्या आतल्या बाजूला एक चुंबक लावला आणि त्याखाली आम्ही एकमेकांसाठी चिठ्ठ्या ठेवू लागलो. ‘सहावा डेक, मागची बाजू, सावलीत. येताना चष्मा आणावा.’ ‘जेवून घेतले, वाट पाहू नये.’ लग्नानंतरच्या पहिल्या वर्षानंतर आम्ही एकमेकांना हाताने काही लिहिले नव्हते, हे तिसऱ्या-चौथ्या चिठ्ठीच्या वेळी लक्षात आले.

बाल्कनीसाठी जास्तीचे पैसे मोजताना मी कुरकुर केली होती, ती मागे घेतो. या मार्गावर समुद्रातले दिवस अधिक असतात आणि दोघांपैकी एकाला दिवा लावून वाचायचे असेल व दुसऱ्याला झोपायचे असेल, तर तो काचेचा दरवाजा फार उपयोगी पडतो. एका संध्याकाळी मी तिला बाल्कनीत सांगत होतो की पोर्टो रिकोच्या उत्तरेला समुद्र सुमारे ८,४०० मीटर खोल आहे आणि अख्ख्या अटलांटिकमध्ये त्याहून खोल जागा नाही. तिने पुस्तकातून मान वर न करता कठडा नीट पकडायला सांगितले.

बोट लागण्याविषयी मात्र गाफील राहू नका. व्यापारी वारे पूर्वेकडून वाहतात आणि जाताना जहाज त्यांच्या तोंडावर चालते, त्यामुळे उघड्या डेकवर टोपी टिकत नाही आणि हेलकावेही जाणवतात; परतताना वारा पाठीशी येतो आणि तेच जहाज सुस्त वाटू लागते. केबिन जहाजाच्या लांबीच्या मध्यभागी आणि जमेल तितक्या खालच्या डेकवर घ्या, कारण टोकांना आणि वरच्या मजल्यांवर हालचाल सर्वांत अधिक असते. गोळी मळमळ सुरू होण्यापूर्वी घ्यायची असते. कोणती घ्यायची, ते डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा.

तुमच्या यजमानांसाठी सेंट थॉमसविषयी थोडे लिहितो. हे बेट १९१७ पर्यंत डेन्मार्कच्या ताब्यात होते आणि अमेरिकेने शेजारच्या बेटांसह ते अडीच कोटी डॉलरच्या सोन्याच्या बदल्यात विकत घेतले. शार्लट अमाली गावात अजूनही रस्त्यांची डॅनिश नावे दिसतात, आणि अमेरिकेचा झेंडा असूनही गाड्या रस्त्याच्या डाव्या बाजूने धावतात. टेकडीवर चढणाऱ्या एका जुन्या जिन्याला ‘नव्याण्णव पायऱ्या’ म्हणतात. मी मोजल्या, त्या १०३ भरल्या. पत्नीने परत खाली येऊन खात्री करून घेण्यास नकार दिला.

तिथेच आमची एक फजिती झाली. हिवाळ्यात सेंट थॉमसचे घड्याळ मायामीच्या एक तास पुढे असते, आमच्या जहाजाने मात्र मायामीचीच वेळ कायम ठेवली होती. फोनने आपणहून स्थानिक वेळ दाखवायला सुरुवात केली आणि आम्हाला ते कळले नाही. मेगन्स बेच्या त्या शांत, उथळ पाण्यातून मी पत्नीला अक्षरशः ओढून बाहेर काढले, टॅक्सीवाल्याला घाई करायला लावली, आणि धापा टाकत धक्क्यावर पोहोचलो तर सर्वांनी परतण्याच्या वेळेला अजून एक तास शिल्लक होता. तो तास आम्ही धक्क्यावरच्या बाकावर ओल्या कपड्यांनी, पाण्यात सूर मारणारे पाणकोळी पाहत काढला. ती काही बोलली नाही, हे अधिक वाईट होते.

उत्तर : कोरडी जमीन

दर्यावर्दी यांची फजिती सुखाची होती; आमची उलट्या दिशेची होती. आम्ही पश्चिमेच्या मार्गाने जूनमध्ये गेलो होतो. कोझुमेलमध्ये घड्याळ वर्षभर एकच असते आणि उन्हाळ्यात मायामीचे घड्याळ तासभर पुढे सरकते, म्हणजे तिथल्या फोनमध्ये साडेतीन वाजले असतील तेव्हा जहाजावर साडेचार झालेले असतात. आम्ही निवांत बसलो होतो आणि टॅक्सीवाल्यानेच आमचे कार्ड पाहून विचारले की तुमचे जहाज किती वाजता सुटते. शिडी उचलायला काही मिनिटे असताना आम्ही पोहोचलो. वरच्या कठड्यांवर उभे राहून लोक टाळ्या वाजवत होते, आणि त्या टाळ्या कौतुकाच्या नसतात. जहाजाची स्वतःची सहल उशिरा परतली तर जहाज थांबते. तुम्ही स्वतंत्र फिरत असाल तर थांबत नाही, आणि पुढचे बंदर गाठण्याचा खर्च तुमचा. म्हणून साधे मनगटी घड्याळ जहाजाच्या वेळेला लावून न्यावे.

एका बाबतीत मात्र माझे मत वेगळे आहे. क्रूझवर देश पाहिला असे म्हणणे मला पटत नाही. बंदरात सात-आठ तास मिळतात, त्यातला तासभर उतरण्या-चढण्यात जातो, आणि ज्याच्या नावावर आपण मार्ग निवडला ते बंदर वगळलेही जाऊ शकते. ग्रँड केमनमध्ये जॉर्जटाउनला क्रूझ जहाजांसाठी धक्का नाही. जहाज बाहेर उभे राहते आणि लहान बोटींतून किनाऱ्यावर नेतात, त्यामुळे वारा आणि लाटा वाढल्या की उतरणेच रद्द होते. आमचे तसेच झाले. ज्या स्टिंगरे माशांच्या उथळ वाळूसाठी माझे पती वर्षभर उत्सुक होते, ती जागा आम्ही दुर्बिणीतून पाहिली, किंवा ती त्या दिशेला असावी असे मानून घेतले. बंदराचा कर तेवढा खात्यावर परत आला.

जमैकात फॅलमाउथला धक्क्यालगत दुकानांचे एक झकपक कुंपणबंद आवार आहे आणि पुष्कळ प्रवासी तिथूनच परत फिरतात. फाटकाबाहेर दहा मिनिटे चालल्यावर १७६९ मध्ये वसलेले खरे गाव लागते. जॉर्जियन, म्हणजे अठराव्या शतकातल्या ब्रिटिश धाटणीच्या इमारती, काही डागडुजी केलेल्या, काही पडायला टेकलेल्या. ज्या साखरेच्या आणि गुलामांच्या व्यापारावर ते उभे राहिले, त्याची आठवण त्या भिंतींवरून पुसली गेलेली नाही. बाजारात एका बाईंनी आम्हाला बॅमी दिली. ही कसाव्याच्या कंदाची जाड भाकरी, तव्यावर परतलेली, कडांना कुरकुरीत आणि आत ओलसर. सोबत तळलेला मासा. सात दिवसांतली आम्हाला लक्षात राहिलेली चव तीच, आणि जहाजावरच्या अखंड पंगतीत तसे काही नव्हते. त्यामुळे शेवंतीताई, इतिहासाची ओढ असेल तर यजमानांना पूर्वेकडे जरूर न्या, पण सान हुआनमध्ये नंतर चार दिवस स्वतंत्रपणे राहण्याचा विचारही मनात असू द्या.

उत्तर : हिशेबवही

वरील दोघांनी पैशांचा विषय काढला नाही, म्हणून थोडक्यात लिहितो. जाहिरातीत दिसणारे भाडे एका केबिनमध्ये दोघे राहतील असे धरून माणशी दिलेले असते, आणि त्यात कर व बंदरशुल्क धरले आहे की नाही हे बारकाईने पाहावे लागते. त्याखेरीज सेवकवर्गाची बक्षिशी म्हणून बहुतेक जहाजांवर माणशी दररोज साधारण १६ ते २० डॉलर खात्यावर आपोआप चढतात, म्हणजे दोघांना सात रात्रींचे २२४ ते २८० डॉलर धरून चालावे. पेयांच्या किमतीवर १८ ते २० टक्के बक्षिशी वेगळी असते. पेयांचे एकगठ्ठा पॅकेज घेताना एका केबिनमधल्या दोन्ही प्रौढांनी ते घ्यावे, अशी अट अनेक कंपन्या घालतात. आमच्याकडे एकच जण पिणारा असल्याने तो व्यवहार तोट्याचा ठरला असता आणि त्यावरून जी चर्चा झाली, तिला चर्चा म्हणणे मी सौजन्य समजतो.

तुम्ही अमेरिकेचे नागरिक नसाल तर व्हिसा अनेक वेळा प्रवेश देणारा आहे याची आधी खात्री करा, कारण दुसऱ्या देशाच्या बंदरात जाऊन मायामीला परतणे म्हणजे नव्याने प्रवेश. परदेशी बंदर तर लागणारच. ही जहाजे बहुधा बहामाज किंवा पनामाच्या झेंड्याखाली नोंदलेली असतात, आणि १८८६ च्या अमेरिकी कायद्यानुसार अशा जहाजाला केवळ अमेरिकी बंदरांमधूनच प्रवासी फिरवून आणता येत नाहीत. पूर्वेच्या मार्गावर सान हुआन आणि सेंट थॉमस ही दोन्ही अमेरिकेच्या अखत्यारीतली असली, तरी या कायद्यापुरते सेंट थॉमस परदेशी बंदर धरले जाते; शिवाय सेंट मार्टिन किंवा बहामाजमधले एखादे बेटही बहुधा जोडलेले दिसते.

फेब्रुवारी हा गर्दीचा आणि महाग काळ खरा, पण चक्रीवादळांचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर असतो, तेव्हा ती एक काळजी मिटते. मायामीत आदल्या दिवशीच पोहोचा. विमानाला उशीर झाला म्हणून जहाज थांबत नाही.

शेवंती

सर्वांचे मनापासून आभार. हे सारे यजमानांना वाचून दाखवले. १०३ पायऱ्यांचे ऐकून ते लगेच नकाशा घेऊन बसले, आणि चुंबक मी आजच शोधून ठेवला आहे. पूर्वेचा मार्ग, मध्यभागची खालची केबिन आणि बाल्कनी, एवढे ठरले. एकच विचारायचे राहिले. आमचे जहाज सान हुआनला दुपारी दोनला लागते आणि रात्री दहाला सुटते. तेवढ्यात एल मोरो किल्ला पाहून होईल का?

उत्तर : दर्यावर्दी

होईल, पण उतरल्याबरोबर निघालात तरच. जुने शहर धक्क्याला लागूनच आहे आणि किल्ल्यापर्यंत चालत जाता येते. मात्र वाट चढाची आहे आणि निळसर झाक असलेले दगडी रस्ते पावसाच्या सरीनंतर निसरडे होतात, तेव्हा चपला सोडून बूट घाला. एल मोरोचे बांधकाम १५३९ मध्ये सुरू झाले आणि पुढे दोन-अडीचशे वर्षे त्यात भर पडत गेली. समुद्राकडे एकाखाली एक उतरत गेलेले तोफांचे सज्जे पाहायला दीड तास तरी हवा आणि आतला भाग संध्याकाळी लवकर बंद होतो. सान क्रिस्तोबाल हा दुसरा किल्ला त्याच तिकिटात आहे, पण दोन्ही एका दुपारी करू नका. आम्ही केले आणि दुसऱ्यात मी नुसता बसून होतो.

तुम्हाला स्वतःला किल्ल्यात रस नसेल तर आत जायची गरजही नाही. दरवाजासमोर भलेमोठे हिरवे मैदान आहे, वारा थेट अटलांटिकवरून येतो आणि तिथे सारे पतंग उडवत असतात. पत्नी पुस्तक घेऊन तिथेच थांबली होती. मी बाहेर आलो तेव्हा पुस्तक मिटलेले होते आणि एका लहान मुलीचा मांजा तिच्या हातात होता.