शेपूट हलतंय म्हणून हात पुढे केला... (कुत्रं वाचायला तुम्ही कसे शिकलात?)

मुलुंडची

गेल्या महिन्यात आमच्या लिफ्टमध्ये तिसऱ्या मजल्यावरच्या लॅब्रॅडॉरने माझ्या मनगटाला दात लावले. चावला नाही, नुसते दात लावले. त्याची मालकीण म्हणत होती, "अहो, शेपूट हलवतोय, काही करत नाही तो." शेपूट खरंच हलत होतं, पण उंच आणि ताठ धरलेलं, नुसतं टोक थरथरत होतं. आधी तो जीभ बाहेर काढून धापत होता. मी वाकले तसं तोंड गपकन मिटलं. हे सगळं आठवलं ते घरी येऊन हात धुताना!

म्हणून हा धागा. कुत्र्याचं अंग, कान, डोळे वाचायला कुणी शिकवलं? फसलेले अनुभव आधी सांगा.

पहाटेची लाईन

गिरगावात चौदा वर्षं पेपर टाकतोय. पहाटे पाचला गल्ली त्यांची असते, आपली नाही. मला ज्यांनी लाईन दिली त्या काकांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "भुंकतंय तोवर ते बोलतंय. गप्प होऊन थिजलं की सायकलवरून उतर." आजवर हा नियम चुकलेला नाही. उतरायचं, अंगाची एक बाजू त्याच्याकडे करायची, डोळ्याला डोळा द्यायचा नाही आणि सरळ अंगावर न जाता जरा वळसा घेऊन निघायचं.

एका काळ्याची गंमत सांगतो. मी दिसलो की तो भुंकायचा सोडून जमीन हुंगायला लागायचा. मला वाटायचं बिस्किटाचे तुकडे शोधतोय. खूप दिवसांनी लक्षात आलं, तिथे हुंगण्यासारखं काहीच नसायचं. 'मला भांडायचं नाही, तू जा बाबा' असं म्हणत होता तो.

परळवाला

पेपरवाले दादा, तुमच्या काळ्याने जे केलं त्यावर तुरिद रुगास या नॉर्वेच्या प्रशिक्षक बाईंनी बरंच काम केलंय. जमीन हुंगणं, मान फिरवणं, नाक चाटणं, जांभई, वळसा घेऊन येणं, या सगळ्याला त्या शांत करणारे इशारे म्हणतात. तुमच्या काकांना ते नॉर्वेला न जाता माहीत होतं, एवढंच.

चाळीतली आजी

जांभईचं वाचलं आणि चर्र झालं. लालबागला आमच्या जिन्याखाली मोती असायचा. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी माळा सुरू झाल्या की तो आत येऊन बसायचा आणि जांभयांवर जांभया द्यायचा. "दमला बिचारा, झोप आलीय," असं म्हणून मी दिवा मालवायचे. कान मागे चापून बसलेले, शेपूट पोटाखाली, अंगाला बारीक कंप. एवढं सगळं दिसत होतं, तरी जांभई म्हणजे झोप हे काही डोक्यातून जात नव्हतं.

गोरेगावकरीण

मुलगी तीन वर्षांची असताना तिने नणंदेच्या कुत्रीच्या गळ्यात हात टाकलेला फोटो आहे. घरातल्या ग्रुपवर सगळ्यांनी 'किती गोड' म्हटलं. तोच फोटो मागच्या आठवड्यात मोठा करून पाहिला. कुत्रीची मान मुलीपासून लांब वळलेली, नजर मात्र तिच्यावरच, त्यामुळे डोळ्याच्या कडेला पांढऱ्याची कोर दिसतेय. जीभ नाकावर. हात काढ म्हणून ती जिवाच्या आकांताने सांगत होती आणि मी म्हणत होते, "इकडे बघ, हस." फोटो भिंतीवरून उतरवलाय.

परळवाला

आता माझं. एकदा घरी आलो तर ओट्याखाली दुधाचं पातेलं पालथं. मी ओरडलो. आमचा बंड्या कान पाडून, डोळे बारीक करून कोपऱ्यात. म्हटलं, बघा, चोराच्या मनात चांदणं! अर्ध्या तासाने खिडकीतून मांजर पुन्हा आलं.

न्यूयॉर्कच्या अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी 2009मध्ये हेच तपासून दाखवलं. कुत्र्याने खरंच खाऊ चोरला की नाही यावर तो 'अपराधी' चेहरा ठरत नाही, मालक रागावला की नाही यावर ठरतो. बंड्याची माफी मागितली. त्याला काय कळली असेल कुणास ठाऊक.

डावं-उजवं

इटलीतल्या संशोधकांनी 2007मध्ये दाखवलंय की मालक दिसला की शेपूट कुत्र्याच्या उजवीकडे जास्त झुकतं आणि अनोळखी दांडगा कुत्रा दिसला की डावीकडे. पाहिलंय का कुणी?

पहाटेची लाईन

अंधारात डावं-उजवं बघत बसलो तर पेपर कोण टाकणार?

फाइव्ह गार्डन्सचा पगवाला

आमच्याकडे मुळात वाचायला काही नाहीच. शेपूट कायम गुंडाळलेलं, कपाळावर जन्मजात आठ्या, डोळे सदा विस्फारलेले आणि श्वास घेतला तरी घुर्रघुर्र. बागेतले बाकीचे कुत्रेही त्याच्यासमोर बुचकळ्यात पडतात असा माझा संशय आहे. मी त्याचं वजन बघतो. पुढच्या पायांवर आलं की उत्सुक, मागे गेलं की नको म्हणतोय.

लसवाली

रस्त्यावरच्या कुत्र्यांना रेबीजची लस टोचायला आम्ही रविवारी फिरतो. (कानाची कड कापलेली दिसली तर नसबंदी झालीय असं समजा, भांडणात तुटला नाही तो.) पाठीवरचे केस उभे राहिले की लोक पळतात, पण केस घाबरूनही उभे राहतात आणि नुसत्या उत्तेजनेनेही. मी ओठांचे कोपरे बघते. दात दिसताहेत आणि कोपरे कानाकडे मागे खेचलेत तर ते भ्यालेलं आहे, त्याला वाट मोकळी द्या. कोपरे पुढे आलेत, अंग ताठ आहे, तर वाट तुम्ही शोधा.

आणि हात जोडून सांगते, गुरगुरलं म्हणून पाळलेल्याला मारू नका. ती त्याची सूचना असते. ती मारून बंद केलीत तर उद्या न सांगता चावेल. मुलुंडची, दात नुसते लागले तरी त्वचा खरचटली असेल तर साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुऊन लगेच इंजेक्शन. घेतलंत ना?

मुलुंडची

घेतलं, सगळे डोस पूर्ण.

आज पुन्हा लिफ्टमध्ये भेटला. मी भिंतीकडे खांदा करून मजल्यांचे आकडे बघत उभी राहिले, हात खाली. त्याने एकदा माझी पिशवी हुंगली आणि मान दुसरीकडे वळवली. तळमजल्यावर बाहेर पडताच नाकापासून शेपटीपर्यंत अंग झाडलं, नुकतीच आंघोळ झाल्यासारखं. अंग कोरडं ठणठणीत होतं. मालकीण म्हणाली, "बघा ना, थंडी वाजते त्याला." मे महिन्यात.