चाळीतून टॉवरमध्ये आलेल्यांनो, जरा मदत हवी आहे

वरळीच्या बीडीडी चाळीतली आमची १६० चौरस फुटांची खोली गेली, आता टॉवरमध्ये ५०० चौरस फुटांचं घर आहे. तक्रार नाही, घरातच संडास, याचं आईला अजून अप्रूप आहे. पण ती दिवसभर गप्प असते. चाळीत दार रात्रीच लागायचं. पॅसेजमध्ये तांदूळ निवडायला बसलं की चौघी आपोआप जमायच्या, वाटीभर कालवण इकडून तिकडे जायचं. लॉटरीत त्या वेगवेगळ्या मजल्यांवर गेल्या. "बेल वाजवून जायचं म्हणजे काहीतरी काम हवं ना," म्हणते. (हट्टी आहे, पण खरंय.)

तुमच्याकडे काय टिकलं? भजन, भिशी? लिफ्टबाहेर बाकडं ठेवायला सोसायटीला कसं पटवलंत?