इंग्लंडमधील कृष्णवर्णीयांची मानसिक आरोग्यसेवा: 'जनजागृती' पलीकडे वस्तीपातळीवर काय करता येते?

प्रश्न – समाजकार्य_चेंबूर

मी मानखुर्द-गोवंडी परिसरात मानसिक आरोग्याचे काम करणाऱ्या एका लहान गटासोबत काम करते. आमच्या अभ्यासवर्गात पुढील महिन्यात इंग्लंडमधील कृष्णवर्णीयांना मिळणाऱ्या मानसिक आरोग्यसेवेवर चर्चा ठेवली आहे आणि टिपण माझ्याकडे आले आहे. मराठीत जे थोडेफार वाचायला मिळाले, त्यात कारण म्हणून 'समाजातील लाज' आणि उपाय म्हणून 'जनजागृती' एवढेच सांगितलेले आढळते. मात्र २०२२-२३ च्या सरकारी आकडेवारीनुसार इंग्लंडमध्ये मानसिक आरोग्य कायद्याखाली सक्तीने रुग्णालयात ठेवल्या जाणाऱ्यांचे प्रमाण कृष्णवर्णीयांमध्ये गोऱ्यांच्या सुमारे साडेतीन पट होते. जे सेवेकडे फिरकत नाहीत असे म्हटले जाते, तेच सक्तीच्या सेवेत सर्वाधिक असतील, तर दोष जाणिवेच्या अभावाला कसा देता येईल? तिथे प्रत्यक्षात कोणते बदल करून पाहिले गेले आणि त्यांतले कोणते टिकले, हे जाणकारांनी सांगावे.

उत्तर – गिरगाव_ते_लंडन

ताई, मी मूळची गिरगावची असून दक्षिण लंडनमध्ये मनोरुग्ण विभागात परिचारिका आहे. माझ्या मते रुग्ण सेवेत कोणत्या दाराने येतो, यावर पुढचे बरेच काही ठरते. गोरा रुग्ण बहुधा आपल्या नेहमीच्या डॉक्टरकडे जातो, तिथून समुपदेशनाकडे पाठवला जातो आणि प्रकरण बरेचदा तिथेच आटोक्यात येते. कृष्णवर्णीय रुग्ण मात्र आजार विकोपाला गेल्यावर पोलिसांमार्फत किंवा रुग्णवाहिकेतून येण्याचे प्रमाण अधिक आहे. ज्याची सेवेशी पहिली ओळख अशी झाली, तो डिस्चार्जनंतर आपणहून परत येईल, ही अपेक्षा मला तरी भाबडी वाटते.

कुटुंबे उशीर का करतात, यालाही इतिहास आहे. १९९८ मध्ये नॉर्विच येथील एका उपचारकेंद्रात डेव्हिड बेनेट या कृष्णवर्णीय रुग्णाला कर्मचाऱ्यांनी बराच वेळ जमिनीवर पालथे दाबून धरले आणि त्यात त्याचा मृत्यू झाला. २००४ च्या चौकशी अहवालाने आरोग्यसेवेतील संस्थात्मक वंशभेदावर स्पष्ट शब्दांत बोट ठेवले. २०१० मध्ये ओलासेनी लुईस हा तेवीस वर्षांचा तरुण लंडनमधील रुग्णालयात पोलिसांनी बळाचा वापर केल्यानंतर दगावला, आणि त्याच्या आईवडिलांच्या पाठपुराव्यामुळे २०१८ मध्ये मनोरुग्णालयांतील बळाच्या वापरावर नियंत्रण आणणारा कायदा झाला. या घटना इथल्या घराघरांत ठाऊक आहेत, त्यामुळे मुलगा बिघडत चालला आहे हे दिसूनही आई फोन उचलायला घाबरते.

आता सुधारणांबद्दल. बेनेट अहवालानंतर २००५ ते २०१० असा पाच वर्षांचा सरकारी आराखडा राबवला गेला. वस्त्यांमध्ये संपर्क कार्यकर्ते नेमले गेले आणि दरवर्षी आंतररुग्णांची मोजणी झाली. तरीही सक्तीच्या भरतीतील तफावत अखेरच्या वर्षीही कायम होती. सध्याची आशा २०२३ मध्ये सुरू झालेल्या वांशिक समतेच्या चौकटीवर आहे, कारण तिच्यानुसार प्रत्येक मानसिक आरोग्यसंस्थेला आपली आकडेवारी जाहीर करून रुग्ण व त्यांची काळजी घेणारे यांच्यासमोर उत्तर द्यावे लागते. माझे समाधान अजून झालेले नाही. लंडनच्या लॅम्बेथ भागात २०१६ पासून काम करणाऱ्या 'ब्लॅक थ्राइव्ह'सारख्या, कृष्णवर्णीयांनीच चालवलेल्या संस्थांवर लोकांचा विश्वास बसतो. पण अशा बहुतेक संस्थांना पैसा मिळतो तो अल्पमुदतीचा, आणि ओळख पक्की होते न होते तोच कार्यकर्त्याची नोकरी संपते.

उत्तर – मनोविकार_परळ

वरील प्रतिसादाशी मी बव्हंशी सहमत आहे, तथापि सगळा दोष रुग्णालयाच्या दारावर टाकू नये. लंडन, नॉटिंगहॅम व ब्रिस्टल येथे झालेल्या आणि २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात आफ्रिकी-कॅरिबियन लोकांमध्ये स्किझोफ्रेनियाचे नवे रुग्ण गोऱ्या ब्रिटिशांच्या सुमारे नऊपट आढळले होते. काही निदाने चुकीची असतील, परंतु एवढी तफावत केवळ चुकीच्या निदानाने भरून निघत नाही. ती आनुवंशिकही म्हणता येत नाही, कारण खुद्द कॅरिबियन बेटांवरील अभ्यासांत असे प्रमाण दिसले नाही. दक्षिण लंडनमधील २००१ चा एक अभ्यास सांगतो की ज्या प्रभागात अल्पसंख्याकांची संख्या कमी, तिथे त्यांच्यातील आजाराचे प्रमाण जास्त. म्हणजे एकटे पडणे, घराची अशाश्वती आणि रोजचा भेदभाव हेही आजाराचे भाग आहेत, आणि त्यांवर माझ्याकडे गोळी नाही.

डिस्चार्जनंतर उपचार सक्तीचे करणारा 'कम्युनिटी ट्रीटमेंट ऑर्डर' इंग्लंडमध्ये २००८ पासून लागू आहे आणि कृष्णवर्णीयांवर तो कित्येक पटींनी अधिक वापरला जातो. त्याने पुन्हा भरती होण्याचे प्रमाण कमी होत नसल्याचे २०१३ च्या चाचणीत दिसून आले. सक्ती वस्तीत नेली म्हणून ती समुदाय-आधारित सेवा ठरत नाही.

जनजागृतीबद्दल एक दाखला देतो, जरी तो रक्तदाबाचा असला तरी. लॉस एंजेलिसमध्ये कृष्णवर्णीय पुरुषांच्या ५२ केशकर्तनालयांत एक चाचणी झाली, जिचे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. काही दुकानांत केशकर्तनकारांनी गिऱ्हाइकांना जीवनशैलीचा सल्ला दिला आणि डॉक्टरकडे जायला सांगितले. इतर दुकानांत औषधतज्ज्ञ स्वतः येऊन बसले आणि तिथेच औषधे सुरू केली. सहा महिन्यांत वरचा रक्तदाब पहिल्या गटात सरासरी ९ अंकांनी उतरला, तर दुसऱ्या गटात २७ अंकांनी. ओळखीच्या जागी केवळ उपदेश पोहोचवणे आणि प्रत्यक्ष सेवा पोहोचवणे यांत किती अंतर आहे, हे आपल्या टिपणात अवश्य यावे.

उत्तर – नायगाव_बीडीडी

डॉक्टरांच्या दाखल्याला एक जुनी जोड देतो, अमेरिकेचीच. न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीत १९४६ मध्ये एका चर्चच्या तळघरात लाफार्ग क्लिनिक हा मनोविकारांचा दवाखाना सुरू झाला. शुल्क पंचवीस सेंट, तेही परवडणाऱ्यांनाच. डॉक्टर बहुतांशी स्वयंसेवक. वेळ कामावरून सुटलेल्या माणसाला जमेल अशी संध्याकाळची. कृष्णवर्णीय व गोऱ्या मुलांच्या शाळा वेगळ्या ठेवल्यामुळे मुलांच्या मनावर होणाऱ्या आघाताची तिथे केलेली तपासणी डेलावेअरच्या न्यायालयात साक्षीसाठी वापरली गेली, आणि तो खटला पुढे शाळांतील वंशविभाजन घटनाबाह्य ठरवणाऱ्या १९५४ च्या निकालात समाविष्ट झाला. रुग्णाला बरे करताना त्याला आजारी पाडणाऱ्या व्यवस्थेविरुद्ध साक्षही द्यायची, हे मला त्या दवाखान्याचे मोठेपण वाटते. १९७० च्या सुमारास ब्लॅक पँथर पक्षानेही आपल्या शाखांतून मोफत दवाखाने चालवले. त्यांच्यापासून प्रेरणा घेऊन १९७२ मध्ये याच मुंबईत दलित पँथर उभी राहिली, पण दवाखान्यांचा धडा आपण फारसा गिरवला नाही, ही माझी जुनी तक्रार आहे.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद – समाजकार्य_चेंबूर

सर्वांचे आभार. एक उपप्रश्न: आपल्याकडील २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात आजारपणात आपल्यावर कोणते उपचार व्हावेत वा होऊ नयेत याचे आगाऊ निर्देश लिहून ठेवण्याची आणि आपला प्रतिनिधी स्वतः नेमण्याची तरतूद आहे. इंग्लंडमध्ये मानसिक आरोग्य कायद्याच्या २०१८ च्या पुनर्विलोकन समितीने अशाच शिफारशी केल्याचे वाचले. कृष्णवर्णीय रुग्णांना त्यांचा उपयोग होईल असे वाटते का?

उत्तर – गिरगाव_ते_लंडन

होईल, मात्र तो कागद रुग्ण बरा असताना, त्याच्या विश्वासातल्या माणसासोबत बसून लिहिला गेला पाहिजे. डिस्चार्जच्या दिवशी घाईघाईत सही घेतलेला कागद मध्यरात्री भरती करून घेणारा डॉक्टर उघडूनही पाहत नाही. मी माझ्या रुग्णांना आधी एवढेच लिहायला सांगते की संकटात फोन कोणाला करायचा, कोणत्या औषधाने पूर्वी त्रास झाला आणि अंगाला हात न लावता मला शांत कसे करता येते. हा तिसरा मुद्दा बहुतेकांना यापूर्वी कोणी विचारलेलाच नसतो. आपल्या गटाला मानखुर्दमध्ये असे कागद भरून घ्यायचे असतील, तर सुरुवात याच तीन मुद्द्यांपासून करावी आणि एक प्रत घरच्यांकडेही ठेवावी.