अनुभव धागा : "थांबा, उचलून घेतो"

चाफेकळी
दिवाळीची आवराआवर चालू आहे. काल माळ्यावरची पत्र्याची ट्रंक खाली काढली, तर तळाशी जुन्या चादरीत गुंडाळलेलं दादाचं लहानपणचं कॅलिपर निघालं, पोलिओच्या पायाला आधाराला बांधायचं. दोन बाजूंना दोन सळया, गुडघ्यावर चामड्याची टोपी, खाली काळा बूट. त्याची टाच दोन इंच जाड. पट्ट्याचं तिसरं भोक ताणून ताणून लांबोळं झालंय. आईने ते मांडीवर घेतलं आणि कुणी काही म्हणायच्या आत खोबरेल तेलाचं बोट पट्ट्यावरून फिरवायला लागली. पूर्वी रोज रात्री फिरवायची तसंच.

दादाचा जन्म १९७१चा. चौदाव्या महिन्यात ताप आला, ताप उतरला आणि डाव्या पायातलं बळ गेलं. आम्ही बार्शीचे. शाळेत सातवीपर्यंतचे वर्ग खाली, आठवीपासून माडीवर. वडील हेडमास्तरांना भेटले, एक वर्ग खाली आणता येईल का विचारलं. "सगळ्या शाळेची घडी विस्कटेल, तुम्हीच आणून सोडत जा," हे उत्तर मिळालं. मग वडील गिरणीत जायच्या आधी त्याला पाठुंगळी घेऊन बावीस पायऱ्या चढायचे आणि संध्याकाळी उतरवायचे. मधल्या सुट्टीत दादा वरच. तीन वर्षं तो शाळेत पाणी प्यायला नाही, कारण लघवीला खाली जावं लागलं असतं. हे त्याने मला सांगितलं तेव्हा तो पंचेचाळीस वर्षांचा होता.

गेल्या महिन्यात लग्नाला गेलो होतो. स्टेजला पायऱ्या. (दादा आता व्हीलचेअर वापरतो, चांगला पाय आणि खांदे दोन्ही थकलेत. पोलिओ झालेल्यांना उतारवयात असं होतं, डॉक्टरांनी सांगितलंय.) चार पोरं धावत आली, "काका, थांबा, उचलून घेतो," आणि त्याने हो-नाही म्हणायच्या आत खुर्ची हवेत. फोटोत हसतोय. घरी शर्ट बदलताना म्हणाला, "चौपन्न वर्षांचा झालो गं, अजून मला विचारून कुणी उचलत नाही."

आम्ही आयुष्यभर सांगत आलो की माणसं फार चांगली भेटली, उचलून न्यायची. चांगलीच होती. पण एक वर्ग खाली आणावा असं कुणाच्या मनात आलं नाही.

तुमच्या घरातलं, शाळेतलं, गावातलं लिहा. स्वतःचं असेल तर जरूर लिहा.

साखरआंबा
पाणी न पिणं वाचून हात थांबले. कुकर लावलाय, नंतर येते.

जुनी_अंगणवाडी
मी पल्स पोलिओच्या बूथवर वीस वर्षं बसले. डाव्या करंगळीला शाईची खूण करायची, मुलं ती करंगळी दिवसभर मिरवायची. २७ मार्च २०१४ला भारतासह आपला आग्नेय आशिया विभाग पोलिओमुक्त जाहीर झाला त्या दिवशी आम्ही सगळ्या ताई रडलो होतो. चाफेकळी, तुमच्या आईला माझा नमस्कार सांगा.

बार्शीलाईट_प्रेमी
बार्शीचे का तुम्ही! कॅलिपर बनवायला मिरजेला जायचात का? आमच्या शेजारची मंडळी नॅरोगेजने कुर्डुवाडीवरून जायची. अख्खा दिवस खायची ती गाडी.

चाफेकळी
हो, मिरजच. दर दोन वर्षांनी, पाय वाढला की. डब्याची पायरी उंच, तिथेही वडीलच. गाडीतल्या बायका दादाच्या हातात शेंगा द्यायच्या आणि आईला विचारायच्या, "कुणाचा शाप?"

बार्शीलाईट_प्रेमी
काय बोलावं. पूर्वी सर्रास विचारायचे हे खरं.

ठाणेकर_प्रवासी
मला दिसत नाही. फोनला बोलून लिहितोय, चुका समजून घ्या.

लोकलला अपंगांचा डबा जिथे थांबतो तिथे प्लॅटफॉर्मवर बीपर असतो. पीक पीक पीक असा बारीक आवाज. माझ्यासाठी तीच पाटी. बावीस वर्षं नोकरी त्या आवाजावर केली. ज्या दिवशी तो बंद असतो त्या दिवशी भज्यांच्या वासावरून अंदाज घ्यायचा, स्टॉल कुठे आहे ते पाठ आहे.

उचलण्यावरून सांगतो. मी रस्त्याच्या कडेला मित्राची वाट बघत उभा असलो की कुणीतरी दंड धरून पलीकडे नेऊन सोडतं. चांगल्या मनाने. मग मी पलीकडे, मित्र अलीकडे. दंड धरू नका. "तुम्हाला पलीकडे जायचंय का?" विचारा, हो म्हटलं तर तुमचं कोपर द्या. मी ते धरतो आणि अर्धं पाऊल मागे चालतो. तुमचं अंग वळलं की मला वळण कळतं.

२०२४ला मतदानाला गेलो. मतदान यंत्रावर ब्रेल आकडे असतात. आतल्या साहेबांचा आग्रह, "मिसेसना दाबू द्या, पटकन होईल." मला पटकन नको होतं. बोटाने आकडे चाचपले, एकदा वरून खाली, एकदा खालून वर, आणि बटण मी दाबलं. बायकोने बाहेर विचारलं कुणाला दिलंत. सांगितलं नाही.

साखरआंबा
"सांगितलं नाही" हे फार आवडलं!! माझे अहोही सांगत नाहीत.

निळू_सोलापूर
आईवडील दोघेही कर्णबधिर. आमच्या घरी बेल वाजत नाही, बटण दाबलं की स्वयंपाकघरात आणि बाहेरच्या खोलीत लाल बल्ब लागतो. लहानपणी वाटायचं सगळ्यांकडे असंच असतं.

खुणांची भाषा मला बोलण्याआधी आली. बँक, रेशन, शाळेची पालकसभा, सगळीकडे मीच मध्ये. शाळेत बाईंनी माझी तक्रार केली तर ती मीच आईला हातांनी सांगायचो. (खोटं सांगितलं नाही कधी. आईला चेहऱ्यावरून कळायचं.)

नऊ वर्षांचा होतो. दवाखान्यात डॉक्टर माझ्याकडे बघून म्हणाले, "आईला सांग, पिशवी काढावी लागेल." मला कुठली पिशवी ते कळलं नाही. मी बाजाराच्या पिशवीची खूण केली. आईने मान हलवली, पायाशी ठेवलेली कापडी पिशवी उचलली, तिच्यातली फाइल आणि डबा बाहेर काढून टेबलावर ठेवला आणि रिकामी पिशवी डॉक्टरांपुढे धरली. डॉक्टर गप्प झाले. नर्सबाईंनी चित्र काढून समजावलं. आईने चित्राकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि मला बाहेर जाऊन बसायची खूण केली.

ऑपरेशन नीट झालं. आई ठणठणीत आहे. पण दुभाषा नऊ वर्षांचा नसावा. आता व्हिडिओ कॉलवर दुभाषे मिळतात, मी स्वतः ते शिकलो आणि महिन्यातून दोन रविवार दवाखान्यांसाठी करतो.

चाफेकळी
निळू, हे आईला वाचून दाखवलं. ती काही बोलली नाही, उठून चहा टाकायला गेली.

जुनी_अंगणवाडी
निळू, शाब्बास रे बाळा.

अंगणातली_चिमणी
सगळं एका दमात लिहिते, लेक झोपलाय तोवर. वय १६, ऑटिझम.

पाच शाळांनी "आमच्याकडे सोय नाही" म्हणून परत पाठवला. २०१६च्या कायद्यात शाळेने प्रवेश नाकारू नये असं आहे, पण मला तेव्हा काही माहीत नव्हतं, मी फक्त रडत रिक्षात बसायचे. सहाव्या शाळेने घेतला. तिथल्या बाईंनी एकच प्रश्न विचारला, "त्याला काय काय आवडतं?" मला उत्तर पटकन देता येईना, तोवर कुणी विचारलंच नव्हतं.

खरं सांगायचंय ते सलूनवाल्या काकांबद्दल. मशीनचा आवाज आणि मानेवर पडणारे केस त्याला अजिबात सहन होत नाहीत. मी तो झोपल्यावर कात्रीने कापायचे, वेडेवाकडे. काका म्हणाले, "रोज दुपारी अडीचला आणा, तेव्हा गिऱ्हाईक नसतं. कापायचं नाही, नुसतं बसवायचं." पहिले आठ दिवस तो दारातूनच परत. मग खुर्चीवर बसायला लागला. मग काकांनी त्याच्या हातात फवारणीची बाटली दिली, आरशावर पाणी मारत बसायचा, काका आरसा पुसत बसायचे. चार महिन्यांनी मशीन न लावता, नुसत्या कात्रीने, मानेला टॉवेलऐवजी त्याचाच जुना बनियन गुंडाळून, पूर्ण कटिंग. काकांनी त्या दिवशी पैसे घेतले. मला बरं वाटलं. तो गिऱ्हाईक झाला.

आता अठराची काळजी. बाळ मोठं झालं की कायद्याने आईसुद्धा आपोआप पालक राहत नाही. ज्यांची मुलं त्या वयात आलीत त्यांनी सांगा.

दुपारची_चहावाली
चिमणी, आम्ही केलं मागच्या वर्षी, मुलगी सेरेब्रल पाल्सीची. १९९९चा राष्ट्रीय न्यास कायदा आहे, त्यात ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता येतात. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक समिती असते, ती कायदेशीर पालकत्व देते. कागद आत्तापासून एका फाइलीत लावा. त्याच न्यासाचा निरामय नावाचा आरोग्यविमा आहे, एक लाखापर्यंत, थेरपीचेही पैसे मिळतात. आणि इन्कम टॅक्समध्ये दिव्यांग मुलासाठीची वजावट विसरू नका (जुन्या पद्धतीने भरत असाल तर). ७५ हजार, तीव्र असेल तर सव्वा लाख वजा होतात. आम्ही सात वर्षं भरत होतो उगाच.

अंगणातली_चिमणी
देव तुमचं भलं करो. स्क्रीनशॉट काढला. उठला, जाते.

फिरतीवर
मला तीनचाकी... म्हणजे स्कूटरला बाजूची दोन चाकं लावून घेतली वयाच्या ३१व्या वर्षी. तोवर भाऊ सोडायचा, भाऊ आणायचा. लाडाचा भाऊ आहे, कधी नाही म्हणाला नाही. पण कुठे चाललीस हे कुणालातरी सांगितल्याशिवाय मी ३१ वर्षं कुठेच गेले नव्हते. पहिल्या दिवशी पाणीपुरी खाल्ली. एकटीने. दोन प्लेट. पाणीपुरीवाल्याने गाडीपाशी आणून दिली.

दिव्यांग म्हणावं की अपंग यावर कालपासून दुसऱ्या गटात वाद चाललाय. मी घरी अपंगच म्हणते, मैत्रिणीला दिव्यांग आवडतं, तिला मी तेच म्हणते. माझ्या नावाने हाक मारली तर सगळ्यात बरं.

मिरचीभजी
साइडव्हीलला ॲव्हरेज किती पडतं? काकूसाठी विचारतोय.

फिरतीवर
चाळीसच्या आसपास. गाडी आरटीओत पासिंगला घेऊन जा, बदल आरसी पुस्तकावर चढवून घ्यायचा, नाहीतर इन्शुरन्सला त्रास.

गुरुजी_कोकण
जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त. दहावीला एका मुलीला लेखनिक होता. तिचे हात थरथरायचे, डोकं मात्र लख्ख. लेखनिक खालच्या वर्गातला, आणि तासाला वीस मिनिटं जादा, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास. गणिताला अडलं. ती "छेदात" म्हणायची, पोरगं अंशात लिहायचं. मग दोघांना महिनाभर आधी एकत्र बसवलं, तेव्हा सूर जुळला. ७८ टक्के. लेखनिक मुलगा पुढच्या वर्षी गणितात पहिला आला, तो म्हणतो तिनेच शिकवलं.

रक्ताचा_गट_ओ
आमच्या भावाला हिमोफिलिया. बाहेरून काहीच दिसत नाही. १९९५च्या कायद्यात सात प्रकार होते, २०१६च्या कायद्यात एकवीस झाले, त्यात हिमोफिलिया, थॅलेसेमिया, सिकलसेल आले. राखीव सीटवर बसला की लोक कार्ड मागतात, तो सुजलेला गुडघा दाखवतो. कार्ड घरी असतं, गुडघा सोबत.

मांडवीकाठ
पणजीला जानेवारी २०२३ला पहिला पर्पल फेस्ट, म्हणजे दिव्यांगांचा उत्सव, झाला, बहिणीला घेऊन गेलो होतो. ती म्हणाली, "इथे माझ्याकडे कोणी बघत नाही रे." शेकड्यांनी व्हीलचेअर, पांढऱ्या काठ्या, खुणा करणारे हात. बघायला कुणाला वेळ होता! रात्री ती अकरापर्यंत घरी यायला तयार नव्हती.

लंडनची_सून
सासरे ७८, अर्धांगवायू. इथे आले तेव्हा काळ्या टॅक्सीवाल्याने काही न विचारता दाराखालून फळी काढली आणि रस्त्याला टेकवली. सासरे स्वतः चाक फिरवत आत. भारतात परत गेल्यावर आमच्याच सोसायटीत लिफ्ट सहा पायऱ्यांवर. सभेत उताराचा विषय काढला तर "एका घरासाठी एवढा खर्च?" दोन वर्षं भांडलो. आता झालाय, आणि सगळ्यात जास्त वापरतात ते सिलेंडरवाले आणि बाबागाडीवाल्या आया.

मिरचीभजी
आमच्या सोसायटीत उतार आहे, त्यावर बाइका लावतात. आजच सेक्रेटरींना फोटो टाकला.

चाफेकळी
सगळं दादाला वाचून दाखवलं. निळूच्या आईपाशी थांबला, दोनदा वाचायला लावलं. ठाणेकरांना विचारलंय, कोपर कुठलं द्यायचं, डावं की उजवं?

घरात एक झालंय. आमचा उंबरा जुना, सागवानी, आजीच्या वेळचा. दादाची खुर्ची रोज तिथे अडते, रोज कुणीतरी मागून उचलतं. दहा वर्षं आम्ही तो काढायचा विषय काढला नाही, कारण आई रोज सकाळी त्याला हळदकुंकू वाहते. काल रात्री आईच म्हणाली, "सुताराला बोलाव." मी म्हटलं, "आई, पूजा?" तर म्हणाली, "लाकूड देवघराखाली बसवू. मी तिथे वाहीन."

सुतार उद्या दहाला येतोय.

ठाणेकर_प्रवासी
काठी ज्या हातात असेल त्याच्या उलट्या बाजूचं. दादांना सांगा.

गुरुजी_कोकण
उंबरा काढल्यावर बाहेरच्या पायरीचं काय? उतार एकास बाराचा हवा. एक इंच चढाला बारा इंच लांबी. सुतार आखूड करतात आणि मग चाक मागे घसरतं. उंची किती?

चाफेकळी
आत्ता टेप लावली. पाच इंच. म्हणजे पाच फूट. पण चार फुटांवर तुळशीवृंदावन आहे.

गुरुजी_कोकण
मग उतार आडवा वळवा, भिंतीला लागून. वळणावर खुर्ची फिरेल एवढी सपाट जागा सोडा. पाच फूट बाय पाच फूट.

चाफेकळी
दादा म्हणतो वळवायला नको, तुळस सरकवू. आई म्हणते दिवाळीनंतर तुळशीचं लग्न आहे, तोवर हात लावायचा नाही, लग्न लागलं की सरकवा. तोपर्यंत तुळशीला चुकवून तिरकी फळी टाकून चालवतोय. फळी पाच फुटी, मोजून.