ग्रॅमीच्या यादीतून पखवाज शिकणाऱ्या मुलांना काय ऐकवावं?

मृदंगवाला_वेंगुर्ला

नमस्कार मंडळी. मी वेंगुर्ला तालुक्यात मुलांना पखवाज शिकवतो. बहुतेक मुलं भजनी घरांतली आहेत. काहींचे वडील दशावतारात साथीला असतात, आणि जत्रांच्या दिवसांत ही मुलंही रात्रभर त्यांच्या मागे बसून ऐकतात. परवा त्यातल्या एकाने विचारलं, "गुरुजी, त्या ग्रॅमीत पखवाज आसता काय?" त्याने मोबाइलवर २०२५ च्या सोहळ्याचे तुकडे पाहिले होते. केन्ड्रिक लमारला पाच पुरस्कार मिळाले, बियॉन्सेला वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचा मिळाला, एवढं त्याला पाठ होतं.

मी त्याला सांगितलं की त्या वर्षी पुरस्कार एकूण ९४ होते आणि टीव्हीवरच्या कार्यक्रमात दिसले ते त्यातले मोजकेच. बाकीचे त्याआधी, अमेरिकेतल्या दुपारी देऊन होतात. आपल्याकडे तेव्हा मध्यरात्र उलटलेली असते. जॅझ, ब्लूग्रास, गॉस्पेल, पाश्चात्त्य शास्त्रीय, लहान मुलांची गाणी, अल्बमच्या पुस्तिकेतलं लेखन, असं सगळं त्या दुपारच्या यादीत असतं. आपल्या लोकांची नावंही बहुतेक तिथेच असतात.

तर वाचनालयाने एका शनिवारी संध्याकाळी सभागृह आणि स्पीकर द्यायचं कबूल केलंय. दोन तास आहेत. मुलं दहा ते सोळा वर्षांची. मला ग्रॅमी मिळालेल्यांतलं असं काही ऐकवायचंय ज्यात वाजवणाऱ्याचा हात कानाला कळेल. थाप कुठे पडली, बोट कुठे आलं, श्वास कुठे घेतला, हे समजलं पाहिजे. निवड फक्त भारतीयांची नको. नाहीतर त्याचा सत्कार समारंभ होईल आणि ऐकणं राहून जाईल. अमेरिकन ड्रमवादक मिकी हार्टचा, १९९२ साली ग्रॅमी मिळालेला 'प्लॅनेट ड्रम' नक्की केलाय, बाकीचं सुचवा. शिवाय आईवडील येणार आहेत. ते विचारतील, जास्त लोकांनी ऐकलं म्हणून हा पुरस्कार मिळतो का? त्यांना काय सांगू?

देवगड_किनारा

गुरुजी, आधी तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं. विक्री किती झाली, किती जणांनी ऐकलं, यावर ग्रॅमी ठरत नाही. अमेरिकेतल्या रेकॉर्डिंग अकॅडमीचे सभासद मतं देतात, आणि ते स्वतः गायक, वादक, संगीतकार, निर्माते, ध्वनिमुद्रक असे धंद्यातलेच लोक असतात. ध्वनिमुद्रण ठरलेल्या मुदतीत अमेरिकेत प्रसिद्ध झालेलं असावं लागतं. एका सभासदाला सगळ्या विभागांत मत देता येत नाही, आपल्या माहितीतले थोडे विभाग निवडावे लागतात. पालकांना सांगा, कारागिरांनी कारागिराला दिलेलं मत आहे.

पण त्यातही राजकारण आहे, आणि तेही मुलांना सांगावं असं मला वाटतं. १९५९ साली पहिला सोहळा झाला तेव्हा पुरस्कार २८ होते. वाढत वाढत ते १०९ झाले. २०११ मध्ये अकॅडमीने एकदम ७८ वर आणले. हवाईचं संगीत, लुइझियानातलं केजन आणि झायडेको, अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांचं संगीत, यांचे वेगवेगळे पुरस्कार मोडून एकच 'प्रादेशिक' पुरस्कार केला. लॅटिन जॅझ तर काढूनच टाकला. तेव्हा बॉबी सनाब्रिया नावाचा ड्रमवादक आणि त्याचे साथी उभे राहिले. निदर्शनं केली, कोर्टात गेले. पुढच्याच वर्षी अकॅडमीने लॅटिन जॅझचा पुरस्कार परत आणला. सनाब्रिया शिकवतोही. तालवाद्य शिकवणारा माणूस आपल्या संगीताच्या जागेसाठी लढला, ही गोष्ट तुमच्या मुलांना माहीत हवी. त्याचं वादनही ऐकवा, भले तो विजेत्यांच्या यादीत बसो न बसो.

नमन_संगमेश्वर

मी नमनाला, म्हणजे आमच्याकडच्या लोकनाट्याला, मृदंग वाजवतो. एकच सुचवतो, पण ते सोडू नका. विश्वमोहन भट्ट आणि राय कूडर यांचा 'अ मीटिंग बाय द रिव्हर', १९९४ चा ग्रॅमी. भट्टांची मोहनवीणा म्हणजे तरफेच्या तारा बसवलेली गिटार, आणि कूडर अमेरिकन स्लाइड गिटारवाला. कॅलिफोर्नियातल्या सांता बार्बराच्या एका प्रार्थनागृहात रात्री ध्वनिमुद्रण झालं. दोघांची पहिली भेट त्याआधी तासभरसुद्धा झालेली नव्हती. तबल्यावर सुखविंदर सिंग नामधारी आहेत. आणि दंबक हे अरबी तालवाद्य वाजवलंय कूडरच्या मुलाने, जोआकिमने. तेव्हा तो चौदा वर्षांचा होता!

तुमच्या मुलांच्या वयाचा पोरगा एवढ्या मोठ्या माणसांत बसून वाजवतोय. कुठेही पुढेपुढे करत नाही, जागा मिळेल तिथेच बोलतो. आमच्याकडे नवीन पोरगा मृदंगावर बसला की पहिल्या गणालाच सगळं शिकलेलं ओतून मोकळा होतो. त्याला थांबायला शिकवण्यात दोन शिमगे जातात. म्हणून सांगतो, ऐकवाच.

मृदंगवाला_वेंगुर्ला

दादा, हे सोन्यासारखं सुचवलंत. थांबायला शिकवणं किती कठीण ते मलाच ठाऊक. डबलबारीत समोरच्या बुवाची बारी चालू असताना आमच्या पोरांचे हात मांडीवर नुसते शिवशिवत असतात.

काल रात्री बसून 'प्लॅनेट ड्रम' पुन्हा ऐकला. नायजेरियाचे बाबातुंडे ओलातुंजी आणि सिकिरू अडेपोजू, ब्राझीलचा एर्तो मोरेरा, पोर्तो रिकोचा जियोव्हानी हिडाल्गो, आपले झाकीरभाई आणि घटमवाले विक्कू विनायकराम. अडेपोजू वाजवतो तो बोलता ड्रम काखेत दाबला की सूर वर जातो, सैल सोडला की खाली. आमच्या पखवाजाला एकदा कणिक लावली की डाव्या बाजूचा सूर बसला, मग गमक काढायची ती मनगटानेच. मुलांना हे दोन्ही एकामागोमाग दाखवायचं. आधी तो ड्रम ऐकवीन, मग स्वतः पखवाज घेऊन बसेन.

आणि ऐकताना एक धागा हाती लागला. १९९२ च्या या विजेत्या अल्बममध्ये विक्कू विनायकराम आहेत. २०२४ मध्ये 'शक्ती' या वादकांच्या गटाच्या 'धिस मोमेंट' अल्बमला ग्रॅमी मिळाला, त्यात खंजिरी वाजवणारे व्ही. सेल्वागणेश हे त्यांचेच चिरंजीव. १९७० च्या दशकातल्या मूळ 'शक्ती'त वडील घटमवर होते, 'धिस मोमेंट'मध्ये मुलगा. झाकीरभाई दोन्हीकडे. त्यांचे वडील अल्लारखाँसाहेब न्यूयॉर्कच्या १९७१ च्या बांगलादेश मदत मैफलीत रविशंकरांच्या साथीला बसले होते, आणि त्या मैफलीच्या अल्बमला १९७३ मध्ये वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचा ग्रॅमी मिळाला. माझ्या वर्गात बसलेली निम्मी पोरं बापाच्या मागे बसून शिकलीत. त्यांना मी हा वंश सांगणार आहे.

२०२४ च्या त्या एका रात्री झाकीरभाईंना तीन ग्रॅमी मिळाले. वर्षअखेरीस, १५ डिसेंबरला, ते गेले. त्या दिवशी मी वर्ग घेतला नाही. मुलं आली होती, त्यांच्याबरोबर बसून फक्त ऐकलं.

कणकवली_साउंड

मास्तर, मी मंडपाला साउंड लावतो, म्हणून माझ्या बाजूचं सांगतो. या ९४ पुरस्कारांत ध्वनिमुद्रण करणाऱ्यांचेही आहेत, तेही मुलांना कळू दे. रिकी केज आणि स्टुअर्ट कोपलंडच्या 'डिव्हाइन टाइड्स'ला २०२२ मध्ये न्यू एज, म्हणजे शांत, ध्यानाच्या धाटणीच्या संगीताचा मिळाला, आणि २०२३ मध्ये त्याच अल्बमला चहूबाजूंनी ऐकू येणाऱ्या ध्वनिरचनेचा. वाचनालयाच्या दोन स्पीकरवर तो परिणाम येणार नाही, तेव्हा तो अल्बम त्या कारणासाठी घेऊ नका.

आता कामाचं. ब्लूटूथवरून लावू नका, वायर जोडा. स्पीकर जमिनीवर नकोत, बसलेल्या मुलांच्या कानाच्या उंचीला ठेवा, आणि भिंतीच्या कोपऱ्यात सरकवू नका. कोपऱ्यात ठेवले की खर्ज फुगतो आणि डग्ग्यावर मनगट घासून काढलेली घीस सगळी चिखल होते. बास वाढवायचं बटण असेल तर बंद. आवाज समोर कोणी वाजवत बसलाय एवढाच. माझे दोन मॉनिटर स्पीकर त्या शनिवारी रिकामे असले तर आणून देईन. भाडं नको.

आजगावची_लेक

गुरुजी, वर्गात मुली आहेत का? असतील तर फाल्गुनी शहा यांना विसरू नका. मुंबईत वाढल्या, कौमुदी मुन्शी आणि सुलतान खाँसाहेबांकडे शिकल्या, आणि २०२२ मध्ये त्यांच्या 'अ कलरफुल वर्ल्ड'ला लहान मुलांच्या संगीताचा ग्रॅमी मिळाला. तुमच्यातल्या दहा-अकरा वर्षांच्यांना दोन तास नुसतं वादन जड जाईल. मध्ये एक गाणं हवं.

२०२५ मध्ये चंद्रिका टंडन यांच्या 'त्रिवेणी'ला मिळाला, त्या पुरस्काराच्या नावातच मंत्रपठणाचा समावेश आहे. त्यांच्याबरोबर दक्षिण आफ्रिकेचे बासरीवादक वाउटर केलरमन आणि चेलो वाजवणाऱ्या एरू मात्सुमोतो होत्या. आमच्याकडे आजीची पिढी आरतीनंतर मंत्रपुष्पांजली म्हणते तेव्हा मुलं चप्पल घालून तयार असतात. जगात त्यालाही कान देणारे आहेत, हे त्यांना कळू दे.

मृदंगवाला_वेंगुर्ला

ताई, दोन मुली आहेत, आणि त्यातल्या एकीची थाप वर्गात सगळ्यांत स्वच्छ आहे. फाल्गुनीताईंचं गाणं मध्ये घेतो. 'त्रिवेणी'मधलं पाच मिनिटं, अगदी सुरुवातीला, मुलं स्थिरस्थावर होईपर्यंत.

मग क्रम असा. 'त्रिवेणी', त्यानंतर 'प्लॅनेट ड्रम' आणि माझा पखवाज. फाल्गुनीताई. चहा-बिस्कीट. मग नमनवाल्या दादांनी सुचवलेलं, जोआकिमचं वय मात्र ऐकून झाल्यावरच सांगणार. सनाब्रियाची गोष्ट देवगडकरांनी लिहिलीय तशीच वाचून दाखवतो आणि त्याचा एक तुकडा लावतो. शेवटी 'पश्तो' ही रचना, २०२४ ची विजेती. झाकीरभाई, बेला फ्लेकचा बॅन्जो, एडगर मायरचा डबल बास आणि राकेश चौरसियांची बासरी. बॅन्जोचे तुटक स्वर आणि तबल्याचे बोल एकमेकांत कसे बसतात ते मुलांना हाताने टाळी धरून ऐकायला लावणार. दुसऱ्यांदा लावीन तेव्हा टाळी बंद.

त्या पोराला उत्तरही द्यायचंय. पखवाज वाजवणाऱ्याचं नाव या यादीत मला दिसलं नाही, तसंच त्याला सांगेन. त्याला ते ऐकायची ताकद आहे.

साउंडवाल्या भाऊ, मॉनिटर मिळाले तर फार बरं होईल. आंगणेवाडीच्या जत्रेची तारीख सोडून पुढचा शनिवार धरलाय. वाचनालयाचं दार साडेचारला उघडतं. आणि कोणाकडे 'प्लॅनेट ड्रम'ची जुनी कॅसेट किंवा सीडी पुस्तिकेसकट असेल तर एका दिवसासाठी द्या. वाद्यांची चित्रं मुलांना हातात घेऊन बघू देत.