मदत हवी आहे : अँड्रॉइड ॲप शिकायला पहिलं पुस्तक कोणतं घेऊ?

नमस्कार मंडळी, मी डिचोलीचा. बाबांच्या किराणा दुकानातली उधारीची वही मोबाइलवर आणायची आहे, म्हणून ॲप बनवायला शिकतोय. कॉलेजात थोडी जावा (प्रोग्रामिंगची भाषा) झाली होती, तेवढंच भांडवल.

ओळखीच्या एकाने जुनं पुस्तक दिलं. पहिल्याच धड्यात एक्लिप्स (कोड लिहायचं सॉफ्टवेअर) उघडायला सांगितलंय, आणि त्यातल्या अँड्रॉइडच्या साधनांचा आधार गूगलने २०१६ सालीच काढून घेतला! हे कळेपर्यंत दोन रात्री गेल्या. आता कोटलिन ही भाषा आणि जेटपॅक कंपोज (ॲपचे स्क्रीन बनवायचं गूगलचं साधन) शिकायचं म्हणतात. कंपोजची पहिली पक्की आवृत्ती जुलै २०२१ची, म्हणजे त्याआधीचं पुस्तक नकोच, असं मला वाटतं. बरोबर ना?

व्हिडिओ बघून मला जमत नाही. पानावर पेन्सिलने खुणा केल्या की मगच डोक्यात शिरतं. शनिवारी पणजीला पाटोच्या सेंट्रल लायब्ररीत जाणार आहे. तिथे पुस्तक चाळताना नेमकं काय पाहू? रूम डेटाबेस (फोनमध्येच माहिती साठवायची अँड्रॉइडची सोय) नीट समजावलेला हवाच, कारण गिऱ्हाइकांची नावं आणि रकमा नेट नसतानाही फोनमध्ये राहायला हव्यात.

आधी कोटलिनचं वेगळं पुस्तक घेऊ, की थेट अँड्रॉइडचं? स्वतः वाचून शिकलेल्यांनी कृपया सांगा. मराठीत काही असेल तर फारच बरं.